सईच्या इतिहासाच्या तासासाठी

३ फेब्रु., मंगळ.
सईच्या हायस्कूलमधला ब्लॅक हिस्टरीचा, म्हणजे इथल्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा, कोर्स पुढच्या वर्षी बंद करायचं घाटतंय. काही पालकांची तक्रार: गोऱ्या मुलांना अपराधी वाटतं म्हणे. सई नीट जेवली नाही.

५ फेब्रु.
त्याच कोर्सच्या टीचर, मिस कार्टर, यांनी होमवर्क दिलंय: घरातल्यांच्या शाळेच्या आठवणी लिहा. मी माझी नागपूरची शाळा सांगितली. "अँड आजोबा?" सईने विचारलं. मी विषय बदलला.

८ फेब्रु., रवि.
सांगितलं शेवटी. माझे बाबा गावच्या शाळेत दाराबाहेर पोत्यावर बसायचे. मास्तर पाटी लांबूनच बघायचे. पाणी वरून ओतायचे. सई लिहायची थांबली. "बट व्हाय?" जात काय असते, हे सतरा वर्षांच्या लेकीला पहिल्यांदा सांगताना...
"व्हाय डिडन्ट यू टेल मी?"
इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळात कुणी आडनावावरून जात चाचपायला लागलं की "आम्ही नागपूरचे" म्हणून सुटते मी.

१२ फेब्रु.
मंगळवारी या कोर्सवर स्कूल बोर्डाची मीटिंग, ऑनलाइनही दाखवतात. सईला बोलायचंय. निखिल नको म्हणतोय. "ग्रीन कार्ड अडकलंय यार, कशाला कॅमेऱ्यासमोर?" नवऱ्याचंही चुकत नाही. पण पोरीचा चेहरा बघवेना.

१७ फेब्रु.
गेलो तिघंही. हॉल भरलेला. सई छान वाचत होती, आजोबांचं पोतं आलं आणि रडूच फुटलं तिला. मी कशी उठले, माहीत नाही. पुढचं तिच्या कागदावरून मी वाचलं. मग मनचं बोलले: ही गोष्ट मी मुलीपासून लपवली होती, या क्लासमुळे सांगता आली. मागे मंडळाच्या मीनलताई बसलेल्या, मान खाली. मिस कार्टरनी बाहेर माझा हात धरला.
गाडीत निखिल म्हणाला, "तुझ्या बाबांचं नाव घ्यायला हवं होतंस."

२१ फेब्रु., शनि.
बोर्डाने निर्णय पुढच्या महिन्यावर ढकलला. मंडळाच्या ग्रुपवर चिडीचूप. सकाळी मीनलताईंचा फोन. आठ वर्षांची ओळख आमची.
"कधी बोलली नाहीस गं."
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
"दुपारी येऊ का? फोनवर नको."
या म्हटलं. सई विचारतेय, मीनलकाकू मॅड आहे, म्हणजे चिडलीय, की सॉरी? आवाजावरून मलाही कळलं नाही. तिला म्हटलं, तूही बस आमच्यात. आत जाऊ नकोस.