न विचारता लावलेला फोटो

शिरूर,
ता. ९ डिसेंबर १९५९

प्रिय मित्र संपत यास,

रशीदचा रामराम आणि सलाम, दोन्ही. जो पटेल तो ठेवून घे.

आम्ही सारे इथे खुशाल आहोत. थंडीने अब्बांचा दमा वाढला आहे, पण मला शिव्या घालण्याइतका श्वास त्यांना पुरतो. धाकटी शहजादी चालायला लागली आणि तिने पहिली धाव घेतली ती माझ्या फोटो धुण्याच्या औषधांच्या बाटल्यांकडे. तू दौंडच्या लोकोशेडमध्ये कायम झालास हे पोपटराव मास्तरांकडून कळले. फार आनंद झाला. पत्ताही त्यांच्याकडूनच घेतला, त्यांना बोल लावू नकोस. पत्र फाडायचे असेल तर खुशाल फाड, पण सगळे वाचून फाड.

धंदा चांगला चालला आहे. पुण्याहून एकजण स्टुडिओ काढायला आला होता, सहा महिन्यांत गाशा गुंडाळून गेला. तो सगळ्यांना गोरे करायचा. न्हावऱ्याच्या एका म्हातारीने त्याच्याकडचा आपला फोटो पाहून विचारले म्हणे, ही बाई कोण? मी कुणाला गोरे करत नाही आणि कुणाला हस असेही म्हणत नाही. माणूस खुर्चीवर बसला की आधी तो पुढाऱ्यासारखा ताठतो, मग कंटाळतो, मग घरच्या गोष्टी त्याच्या मनात येतात. तेव्हा मी कॅमेऱ्याचे झाकण काढतो. माझा महालाचा आणि कारंज्याचा पडदा तुला आठवत असेल. ज्याचा चेहरा पुरेसा असतो, त्याच्यामागे मी तो पडदा उलटा करतो, मळकट बाजू पुढे. गिऱ्हाईक कुरकुरते, पण चार दिवसांनी तोच फोटो घेऊन सगळ्या आळीत फिरते. सकाळी दहाला उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड आणि कांद्याच्या अडतीवरच्या हमालांचे चेहरे, एवढे असले की मला दुसरी श्रीमंती नको. हे तुला नवीन नाही. उगाच लांबण लावतो आहे.

तीन वर्षांत आपण एकमेकांना एक ओळ लिहिली नाही. तू रागाने आणि मी तोऱ्याने. तू तुझ्या बाजूची हकिगत दौंडभर सांगितली असशील. माझ्या बाजूची एकदा ऐक.

तुझ्या म्हाळसाला नवऱ्याने माहेरी आणून टाकले, त्याला तेव्हा वर्ष झाले होते. फायनल पास होती म्हणून मास्तरांनी शिक्षिकेच्या ट्रेनिंगचा फॉर्म आणून दिला आणि फॉर्मला फोटो लागतो म्हणून तू, तिचा भाऊच, तिला माझ्याकडे घेऊन आलास. फॉर्मचा फोटो काढून झाल्यावर मी म्हणालो, काचेची एक मोठी प्लेट शिल्लक आहे, फुकट जाईल, अजून एक काढू. ती प्लेट फुकट जाणार नव्हती. पण मी पडदा उलटा केला आणि काढला. हात मांडीवर, पदर डोक्यावर, आणि बघणे असे की जणू मीच परीक्षेला बसलोय आणि पेपर ती तपासते आहे. त्याहून चांगला फोटो माझ्या हातून आजवर निघालेला नाही. मी तो छापला आणि बाजारच्या आदल्या दिवशी शोकेसमध्ये मधोमध लावला.

पुढचे तुला माहीत आहे. सुताराकडून तूच डोक्यावर वाहून आणलेला तो शोकेस तूच काठीने फोडलास. हातातून रक्त गळत होते आणि तू भर बाजारात विचारत होतास, "माझी भन बाजारात मांडलीस व्हय रं?" फोटोचे चार तुकडे करून गटारात टाकलेस. मीही कमी बोललो नाही. चेहरा ही काय लाजेची गोष्ट आहे? पुढाऱ्याचा चालतो, पैलवानाचा चालतो, मग बाईचाच का नाही? संपत, हे मला आजही पटते. हे बोलणे मी मागे घेत नाही.

पण त्या दिवशी घरी आल्यावर मी हेच भाषण तुझ्या भाभीला, रजियाला, ऐकवले. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, मग माझा लावा. मी हसून वेळ मारून नेली. तिचा एक फोटो मी काढलेला आहे, म्हाळसाच्या खालोखाल चांगला. तो ट्रंकेत गोधडीखाली होता आणि तिथेच राहिला. तिने तो विषय परत काढला नाही, मीही नाही.

आता गेल्या बाजारची गोष्ट. म्हाळसा आली होती. न्हावऱ्याच्या शाळेत तिला दोन वर्षे होत आली, तुला माहीत आहेच. एस.टी.तून उतरून सरळ माझ्याकडे आली, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, दादा, तो फोटो दाखवा. मला वाटले भांडायला आली. मी माझे भाषण सुरू केले. पाठ केलेली कविता म्हणणाऱ्या पोराचे ऐकावे तसे तिने ते शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाली, "समद्या तालुक्यानं बघितला. मीच न्हाई बघितला आजून."

संपत, मी गार पडलो. फॉर्मचे तीन लहान फोटो मी तुझ्या हाती दिले. मोठा मी बाजाराला दाखवला आणि तू फाडलास. तिला तुम्ही आधी घरात ठेवली आणि मग ट्रेनिंगला पुण्याला धाडली. ज्या फोटोवरून आपण दोघे जन्माचे वैरी झालो, तो तिच्या नजरेला कधी पडलाच नाही, आणि हे तीन वर्षांत माझ्या ध्यानात आले नाही. चेहरे बघण्यावर मी पोट भरतो.

काचेची प्लेट मी जपून ठेवली होती. अंधाऱ्या खोलीत जाऊन तिथल्या तिथे छापला. वाळेपर्यंत ती थांबली नाही, ओलाच दोन्ही हातांत धरून खिडकीशी नेला. पुष्कळ वेळ बघत राहिली. मग म्हणाली, मी अशी बघते व्हय? आणि थोड्या वेळाने म्हणाली, चांगला हाय.

तेव्हा मी तिला ते सांगितले. आता तुलाही सांगतो.

मला ठाऊक होते. फोटो लावायच्या पंधरा दिवस आधी घोडनदीच्या घाटावर तू मला सांगितले होतेस की तिच्या सासरहून निरोप आला आहे, दिवाळीनंतर नांदायला नेतील, तोवर कुठे बोलू नकोस. मी कुठे बोललो नाही. फोटो मात्र चौकात लावला. तिचा सासरा बैल बघायला बाजारात आला, फोटो बघितला, आणि तुमच्या दारावरून न थांबता परत गेला. बोलणी तिथेच मोडली. मला काय माहीत असे मी तीन वर्षे लोकांना सांगत आलो, तुझ्या तोंडावरही तेच म्हणालो. ते खोटे होते. फोटो इतका चांगला आला होता की त्यापुढे मला तुझी बहीण दिसली नाही. ही सबब नाही. झाले ते असे झाले.

तिने फोटो खिडकीत वाळत ठेवला. मग जे बोलली ते जसेच्या तसे लिहितो. "तिथं गेले असते तर काय झालं असतं ते मला ठाऊक न्हाई. तुम्हाला न्हाई आन् संपतदादाला बी न्हाई. पर तुम्ही दोघं माझ्यावरनं भांडलात, आन् मला एकानं बी विचारलं न्हाई."

मी माफी मागितली. माफ केले असे ती म्हणाली नाही. म्हणाली, "आता विचारा." म्हणून मी विचारले, म्हाळसा, हा फोटो शोकेसमध्ये लावू का? ती म्हणाली, लावा, पण खाली नाव घाला. म्हाळसा सावळाराम, शिक्षिका, न्हावरे. मी दोनदा विचारून घेतले. नवऱ्याचे नाव नको, आबांचेच घाला, असे तिने स्वतः सांगितले.

त्या संध्याकाळी रजियालाही विचारले. ती नाही म्हणाली. मला मनापासून वाईट वाटले, कारण तो फोटो खरेच चांगला आहे. पण तो ट्रंकेतच राहील. विचारले की नकारही ऐकावा लागतो, ही सवय मला या वयात लावून घ्यायची आहे.

तर येत्या बाजारच्या दिवशी सकाळी दहाला म्हाळसाचा फोटो लागेल. गेल्या खेपेला तुला लोकांच्या तोंडून कळले, म्हणून या खेपेला सगळ्यांच्या आधी कळवतो आहे. तुला विचारत नाही, संपत. सांगतो आहे. विचारायचे तिला विचारले.

तुला राग येईल. काठी घेऊन यायचे असेल तर ये, मी दुकान उघडे ठेवीन आणि मध्ये पडणार नाही. पण ती त्या वेळी शोकेससमोर उभी असणार आहे. काठी उचलण्याआधी तिच्याशी बोल.

आणि रिकाम्या हाताने आलास तर माझ्याकडे चहा घे. तुझ्याशिवाय मला करमत नाही. नदीवर पोहायला मी तेव्हापासून गेलो नाही, आणि शिरूरमध्ये माझ्या तोंडावर मला मूर्ख म्हणणारा दुसरा माणूस उरलेला नाही. वहिनींना आणि आबांना माझा नमस्कार सांग, सांगावासा वाटला तर.

तुझा मित्र
(हा शब्द मात्र तुला न विचारताच लिहिला आहे),
रशीद