खार्किवची ट्राम चालू आहे

तीर्थरूप बाबा,

हट्टी लेकीचा नमस्कार. मी धडधाकट आहे. डाव्या कानात शिट्टी वाजते, पण ती थांबेल म्हणतात. आईला सांगू नका. तुमचा गुडघा कसा आहे? चेरी उतरवायला माणूस मिळाला का?

मंगळवारी विमानातून सोडलेला बॉम्ब आमच्या रस्त्यावर पडला. हे बॉम्ब पंखांवर तरंगत दुरून येतात, विमान दिसतही नाही. बेकरीसमोर ट्रामची तार जोडत असलेला, मला हे काम शिकवणारा आमचा ओस्ताप जागीच गेला. मी कोपऱ्यावर होते.

दुसऱ्या दिवशी आमचा साहेब म्हणाला, "ही लाईन आता बंदच करू." तेवढ्यात ट्राम चालवणारी क्लावदिया मावशी कडाडली, "त्यांनी तोडली म्हणून मी घरी बसू? पोरी, चढ शिडीवर!"

मी चढले. भोंगा वाजला की तळघरात पळायचे, थांबला की पुन्हा वर. संध्याकाळी ट्राम निघाली. ओस्तापची बायको यारिना पुढे मावशीपाशी उभी होती. बेकरीचा ढिगारा आला, तशी तिने स्वतःच्या हाताने घंटा वाजवली, ढिगारा मागे पडेपर्यंत.

तुम्ही लिहिलंत, गावी परत ये. बाबा, रागावू नका, मी येणार नाही. ओस्तापची जागा मी मागून घेतली आहे.

तुमचीच,
मिरोस्लावा