वाघिणीचं दार

मंगळवार, संध्याकाळ

माझा दोस्त रशीद गेला, त्याचा चाळिसावाही काल झाला. आज त्याची नसरीन खोकं घेऊन दारात उभी. "काका, अब्बा बोले थे, ये तुमकोच देना."

जुन्या मालगाडीच्या वाघिणीचं, म्हणजे डब्याचं, छोटं मॉडेल जोडायचं किट. लाकडी पट्ट्या मी जोडल्या, रंग त्यानं दिला. फक्त दार चिकटवायचं राहिलेलं.

त्या दारावरून आम्ही लई भांडलो. मी म्हणायचो, बंदच पाहिजे, दिसायला बरं. तो म्हणायचा, "खाली डब्बा है मियाँ, दरवाजा खुलाच रहता." शेवटी "देखता मैं" म्हणाला आणि खोकं घरी घेऊन गेला. मग दवाखानाच लागला त्याच्या मागं.

आज आत डोकावलो. कापसाच्या इवल्या इवल्या गाठी, सुतानं बांधून खच्चून भरलेल्या. डबा भरलेला, म्हणजे दार बंद. माझं ऐकलंन की काय? रडू यायला पाहिजे होतं. नाय आलं. आता हे लिहितानाही बोटांवर गोंद वाळलाय, हाताला काहीच लागत नाय.

दार बंद करून चिकटवलं. दाबून धरलं. गोंद पक्का धरल्यावर लक्षात आलं, त्या गाठी आता कुणालाच दिसायच्या नाहीत.

मलासुद्धा.