नातेवाइकाचा रकाना

सोमवार, ३
नवी नोकरी, नवी वही. पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरात नाव लिहून आईला दाखवलं. शाळेत निघालीस की ऑफिसात, असं म्हणून ती हसत सुटली. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. मी एकुलती एक.

ऑफिस अवाढव्य आहे. सात मजले, नऊ हजार माणसं आणि मेल गिळणारी एक म्हातारी ईमेल सिस्टीम. मध्यंतरी एकाने राजीनामा पाठवला, तो पोचलाच नाही. हजर का नाही म्हणून त्याला नोटीस गेली, तीही पोचली नाही. तिच्या जागी नवी सिस्टीम निवडायचं काम माझं. बैठकीत मी उभी राहूनच बोलले. मेल हरवणं ही तांत्रिक चूक नव्हे, एका माणसाचा आवाज दाबणं आहे; जी सिस्टीम एकही मेल हरवणार नाही तीच घेऊ, मग ती दिसायला कितीही ओबडधोबड असो! टाळ्या पडल्या. नोंदणी विभागातले काका तेवढे पुटपुटले, मेल पोचतील हो बाई, वाचणार कोण?

बुधवार, ५
तीन सिस्टीम चाचणीला आल्या आहेत. मेल पाठवायला एक खोटा कर्मचारी हवा, म्हणून मी तो घडवला. नाव सुचेल ते दिलं. आम्ही त्याला चाचणीराव म्हणतो. फॉर्म एकही रकाना रिकामा ठेवू देत नाही. जन्मतारीख: माझ्या तारखेतून दोन वर्षं वजा. जवळचे नातेवाईक: माझ्या फॉर्मवर आहे तेच, आईचं नाव आणि घरचा फोन, कारण तेवढाच नंबर मला पाठ आहे.

एक नियमही लिहून दिला. जुन्या यादीत एकाच माणसाच्या दोन-दोन नोंदी आहेत. ज्या दोघांचा घरचा फोन आणि नातेवाईक एकच, त्यांतली एक नोंद सिस्टीमने आपोआप पुसावी. जो मेलना उत्तरं देतो तो राहील, दुसरा जाईल. शुक्रवारी, १४ला, दुपारी बारा वाजता. काकांनी विचारलं, भावंडं असली तर? मी हसले. असतील दोनचार, हाताने सोडवू.

सोमवार, १०
रोज शंभर मेल पाठवले. पहिल्या सिस्टीमने चार हरवले. दुसरीने अकरा कचऱ्यात टाकले. तिसरीने शंभरच्या शंभर पोचवले, आणि प्रत्येकाला उत्तर आलं: ‘वाचलं.’ कंपनीच्या माणसाने हात वर केले, आमची सिस्टीम स्वतःहून उत्तरं देत नाही म्हणाला. चाचणीरावाचा पासवर्ड फक्त माझ्याकडे आहे. कुणाची तरी खोडी. शोधून काढते.

मंगळवार, ११
पासवर्ड बदलला. तरी उत्तर आलं: ‘वाचलं. आज आईचा गुडघा दुखतोय.’

घरी फोन लावला. गुडघा खरंच दुखत होता. कुणाला सांगितलंस का, विचारलं. आई म्हणाली, तुमच्या ऑफिसातले ते रोज फोन करतात ना, त्यांना. किती आपुलकीने बोलतात.

बुधवार, १२
चाचणीरावाचं खातं पुसायला गेले. ‘कार्यरत कर्मचारी. पुसता येत नाही.’ काकांकडे धावले. ते नजर चुकवत म्हणाले, भल्या माणसाच्या का वाईटावर आहात? तिसऱ्या मजल्यावर खिडकीशी बसतो, दहा मिनिटांत उत्तर देतो. तुमचं मात्र दोन दिवस एकही नाही.

तिसऱ्या मजल्यावर गेले. खिडकीशी टेबल. कपातल्या चहाची वाफ. खुर्चीच्या पाठीवर स्वेटर, आईच्या हातचा. मला विणला त्याच निळ्या लोकरीचा, पण मोठ्या मापाचा.

आईला फोन केला, त्याच्याशी बोलू नकोस म्हटलं. ती रागावली.
“सख्ख्या दादाबद्दल असं बोलतात का गं?”

गुरुवार, १३
माझ्या मेलबॉक्समध्ये चारशे बारा मेल. सगळे त्याचे. एकाला उत्तर देते तर दोन येतात. दुपारपर्यंत अठराशे — बोटं वळत नाहीत.

नियम थांबवा म्हणून त्या बैठकीच्या अध्यक्षबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, तुमच्याच भाषणाने ठरलं ना सगळं? एकही मेल हरवला नाही. खरंच नाही हरवला. मीच —

आईने तीन ताटं घेतली आहेत. माझं तिसरं.

शुक्रवार, १४
बारा वाजून पाच. चहाला खाली उतरले होते — गेटवर कार्ड चालेना. वॉचमनने नाव विचारलं. यादीत नाही म्हणाला.

घरी. किल्ली लागत नाही. बेल वाजवली. आईने दार उघडलं, गुडघ्याला पट्टी. माझ्याकडे बघून हसली, ओळख नसलेल्या बाईकडे बघून हसावं तशी.
“कोण हवंय तुम्हाला?”

आई म्हटलं. पुन्हा म्हटलं. तिने मान वळवून आत हाक दिली.
“बघ रे, तुझ्या ऑफिसातल्या कुणी आल्यात. रडतायत बिचाऱ्या.”

जिन्यात बसून लिहितेय. विसरायच्या आत. मी एकुलती एक. आम्ही दोघीच. आईचा डावा गुडघा — नाही, उजवा — आत्ताच तर बघितला —

आतून चपला वाजतायत. बाबांच्या. सावकाश येतोय.

पुरावा हवा. वहीचं पहिलं पान उघडलं. अक्षर माझंच आहे. नाव मात्र