शेळी दिसली की पाणी

८ जानेवारी
मोबाईलनं आज मला खादाड म्हणलं. म्हणजे कासाबाईनं हात हलवले, मोबाईलनं ते बघितले आन खाली अक्षरं उमटली - खादाड. शालू म्हणते, "बाबा, ते अजून शिकायलंय. धीर धरा." धरला.

९ जानेवारी
नीट लिहून ठेवतो, न्हाईतर पुढं मलाच खोटं वाटंल. बायकोला, कासाबाईला, सातव्या वर्षी ताप आला आन ऐकू यायचं गेलं. पोरं आवाजाला हसायची म्हणून तिनं बोलणं बी सोडलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, ती हातानं बोलते आन मला त्यातलं ओ की ठो कळत न्हाई. मी बोट दाखवतो, ती आणून देते. आधी आमची माय सांगायची ती काय म्हणते ते. मग शालू तीन वर्षांची झाली तवापासून शालूच.

आता शालूला पुण्यात नोकरी लागली. कॉम्प्युटरला हातांची भाषा शिकवायची नोकरी! अशी बी नोकरी असती. दोन फेब्रुवारीला जाणार. मग वालूरच्या ह्या घरात मी, कासाबाई आन शेळी. म्हणून जायच्या आधी ती माझ्या मोबाईलला तिच्या मायचे हात शिकवायलीय. भूक, पाणी, दुखतंय, वाढू का, भिऊ नको - एकेका खुणेचे पन्नास-पन्नास व्हिडिओ. मी म्हणलं, भिऊ नको कशाला? म्हणाली, "माय मला लहानपणी करायची. असू द्या."

१२ जानेवारी
पाण्याचे सगळे व्हिडिओ हौदापाशी काढलेत, तिथं शेळी बांधलेली असते. आता शेळी दिसल्याबिगर मोबाईलला पाणी कळत न्हाई. मी शेळी धरून सैपाकघरात आणली. कासाबाई दोन्ही हातांनी काहीतरी म्हणायला लागली, लय वेळ म्हणत होती. मोबाईलवर - पाणी. पाणी. पाणी. मी तांब्या पुढं केला. तिनं लाटणं उचललं. शालू हसून हसून खाली बसली, "बाबा, ते हात बघतच न्हाई, शेळी बघायलंय!"

शेळीनं तेवढ्यात दोन भाकरी खाल्ल्या.

१५ जानेवारी
आमच्या पिठाच्या गिरणीवर शेजारच्या पार्वतीबाई ज्वारी घेऊन आल्या. गिरणी चालू, काय म्हणल्या ते मला तीनदा ऐकू आलं न्हाई. तवर कासाबाईनं बारीक लावून दळण टाकलं बी. बरोबर निघालं. तिचं नेहमीच बरोबर निघतं, कुणाला जाड, कुणाला बारीक. पिशवी बघून अंदाज करत असंल.

गिरणी थांबल्यावर पार्वतीबाईंनी विचारलं, "पोरगी गेल्यावर तुमचं कसं व्हायचं?" म्हणलं, "व्हायचं काय, भिंतीसंगं बोलायचं. हिला काय कळतंय." कासाबाई समोरच पीठ झाडायली होती.

दुपारी कालवणात मीठच न्हवतं. वरचेवर विसरते ती.

१९ जानेवारी
पाण्याचे व्हिडिओ शेळीबिगर नव्यानं काढले. आता मोबाईल बरा चालतो, पण तोंडाचा फटकळ हाय. कासाबाई माझ्यासाठी एक खूण करते - तोंडापाशी चार बोटं न् अंगठा, उघडमीट, उघडमीट. शालूनं लहानपणापासून सांगितलेलं, त्याचा अर्थ 'मालक'. मोबाईल म्हणतो 'तोंड'. आज दिवसभर - तोंड आलं. तोंडाला वाढू का? तोंड झोपलं.

शालूला म्हणलं, मशीन बिघडलंय, तुझ्या पुण्याच्या साहेबाला कळव. तिनं मान खाली घातली. "बिघडलं न्हाई, बाबा. माय तुमाला तोंडच म्हणते. मीच गोड करून सांगायचे. मशीनला खोटं शिकवलं तर ते वाया जातं."

"आन बापाला एकवीस वर्षं खोटं शिकवलं ते?"

मी जेवलो न्हाई. मग रात्री जेवलो.

२० जानेवारी
तोंड तर तोंड.

२ फेब्रुवारी
सेलूच्या स्टेशनवर शालूला गाडीत बसवून दिलं. गाडी यायच्या आधी कासाबाई बाटली भरायला नळावर गेली, चांगली चाळीस पावलं लांब. मी शालूला बाजूला घेतलं. एरवी बोललो नसतो. म्हणलं, "शालू, मला भ्या वाटायलंय. तिचं काही दुखलं खुपलं, मला कळलंच न्हाई तर? सत्तावीस वर्षं झाली आन मला तिचा एक शब्द येत न्हाई." शालू रडायला लागली. माझे बी डोळे भरले. कासाबाई नळापाशी उभी राहून आमच्याकडं बघायली होती, बाटली भरून वाहायली तरी.

घरी आल्यावर ती माझ्यासमोर बसली आन हात हलवले. सावकाश, दोनदा. मी मोबाईल धरला. अक्षरं आली - तोंड. भिऊ नको.

मी मागं वळून शेळी बघितली. शेळी बाहेर बांधलेली होती.

३ फेब्रुवारी
गिरणी चालू केली. कासाबाई पार तिकडं दाराशी. मी आवाज न काढता नुसते ओठ हलवले - जेवलीस का? तिनं मान हलवली, न्हाई. मग बोट माझ्याकडं केलं, मग स्वतःकडं, मग घराकडं. मोबाईल खिशातच होता.

तवापासून पोत्यावर बसून, सत्तावीस वर्षांत कालवण कितीदा अळणी निघालं, आन त्या त्या दिवशी मी काय बोललो होतो, ते आठवायलोय.