मनस्वीच्या तीन विती

नागपूर, ६ नोव्हेंबर २०२४

ती. दादांस निशाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला माझं अर्धंच ऐकू येतं, म्हणून पत्र. मनस्वी शाळेच्या संमेलनात अंतराळवीर होणार आहे. बाजारातलं हेल्मेट तिला नको. शिमग्याच्या सोंगांना तुम्ही पुठ्ठ्याचे मुखवटे करायचात, हे मी बोलून गेले. आता आजोबांच्या हातचंच हवं म्हणून हटून बसलीय. डोक्याचं माप तिने स्वतः घेतलंय. घेर तीन विती.

ह्यांना रजा नाही, त्यामुळे नाताळातही आमचं येणं होईलसं दिसत नाही. जेवणाची आबाळ करू नका.

माया आहे तशीच ठेवा.
तुमची निशा

कामोठे, २५ नोव्हेंबर

चि. सौ. निशास अनेक आशीर्वाद, वि. वि.

पार्सल आजच पोस्टात टाकलं. फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा मिळाला. मैद्याची खळ शिजवली, वर्तमानपत्राचे थर दिले, मग पांढरा रंग. पुढे काच म्हणून मिठाईच्या डब्याचं प्लॅस्टिक लावलं. गुणाबाई शेजारीण दारात उभी राहून विचारत होती, दादू, आता शिमगा नाय, सोंग कोनाचा करतंस. तिला सांगितलं, नात चंद्रावर निघालीय.

तीन विती नीट मोजून घेतल्या. घालून पाहिलं तर माझ्याही कानांखाली उतरलं. एवढं मोठं कसं, म्हणून पुन्हा मोजलं, तीनच विती भरल्या. मग म्हटलं, तुझ्या आईच्या दिवसकार्यानंतर दोन वर्षं पोरीला पाहिलं नाही. मुलं वाढतात.

इतके दिवस घरात खळीचा वास होता, बरं वाटत होतं. आता टेबल पुसून ठेवलंय आणि संध्याकाळचं काय करावं कळत नाही.

मनस्वीला गोड पापा. खुशाली कळवत जा.
तुझे दादा

नागपूर, १५ डिसेंबर

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

काल संमेलन झालं. तुम्हाला खोटं लिहवत नाही. पार्सल आदल्या दिवशीच हातात पडलं आणि हेल्मेट थेट मनस्वीच्या खांद्यांवर टेकलं. आत कागद कोंबले, तरी स्टेजवर ते गर्रकन फिरलं आणि काच मानेमागे गेली. तिला काही दिसेना. लोक हसले, ती आत येऊन रडली. चूक आमची, दादा. विती तिच्या होत्या, आठ वर्षांच्या हाताच्या. ते लिहायचं राहूनच गेलं. हेल्मेट मात्र ती कुणाला टाकू देत नाही.

मनाला लावून घेऊ नका. रागावलात तरी लोभ सोडू नका.
निशा

कामोठे, २२ डिसेंबर

चि. सौ. निशास अनेक आशीर्वाद, वि. वि.

पोर रडली, ही ओळ पुन्हा पुन्हा वाचली. तू चूक अंगावर घेतेस, पण मला शंका आली होती. विचारणार कोणाला? तुझी आई असती तर भाकरी थापता थापता म्हणाली असती, येडा हायस काय, पोरीचा डोका एवढा असतो. काम तिथेच थांबलं असतं. घरात टोकणारं माणूस नसलं की काहीही खरं वाटतं.

निशा, मला फार एकटं वाटतं. फोनवर नीट ऐकू आलं असतं तरी हे बोललो नसतो, म्हणून लिहितो.

आपली मनस्वी आता केवढी झालीय, हेच मला ठाऊक नाही. पुठ्ठा उरलाय, दुसरं करायची हौस आहे. पण आता माप पाठवू नको, पोरीला पाठव.

तुझे दादा