श्रावणी सोमवार आणि औंढ्याचा साबुदाणा वडा

२८ जुलै, सोमवार. वसमत.
गुंजनला हिंगोलीच्या पतसंस्थेत नोकरी लागावी म्हणून श्रावणातले सगळे सोमवार कडक उपवास. पोरगी अभ्यास करते, पण सगळं अभ्यासावर सोडून कसं चालेल? उपवासाचं शास्त्र मी स्वतः वाचून शिकलोय. फराळाला घरचा साबुदाणा वडा. निर्दोष.

४ ऑगस्ट.
शेजारचे दिपकराव उपवासाला हळद घातलेली बटाट्याची भाजी खात होते. समजावलं. बराबर आहे म्हणाले आणि भाजी संपवली. लोकांचं काही खरं नाही.

११ ऑगस्ट. औंढा नागनाथ.
दर्शन छान. बाहेर मिराबाईंच्या गाड्यावर साबुदाणा वडा. कुरकुरीत. चवीत काहीतरी जादा. जिभेने लगेच ओळखलं: शिंगाड्याचं पीठ. शेजारच्या भाविकांनाही सांगितलं. माझ्या शब्दावर दोघांनी प्लेट घेतली.

दुपारी.
शिंगाड्याचं प्रमाण विचारायला परत गेलो. मिराबाई म्हणाल्या, "शिंगाडा कुठला, काका? रवा हाय. त्याबिगर वडा तेलात फुटते."
गव्हाचा रवा! उपवासाला! आधी काहून सांगितलं नाही, विचारलं. तर म्हणे, तुमीच समद्यांना सांगून राहिले होते, मी कवा बोलू?
उपवास मोडला. गुरुवारी गुंजनचा इंटरव्ह्यू.

संध्याकाळी, घरी.
अनुसूयाला सांगितलं. घरच्या वड्यात रव्याचा कण जरी असता तरी पहिल्या घासाला पकडला असता, हेही सांगितलं. हिने आधी हात पुसले. मग म्हणाली, "अहो, मीबी घालते की. लग्न झाल्यापासून."
यात जिभेचा दोष नाही. तिला सवय लावली गेली.

१२ ऑगस्ट.
गुंजनला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं ठरवलं. तासाभराने तिला सगळं सांगितलं. हसली आणि पुस्तक उघडून बसली. पोरीला गांभीर्य नाही.

१८ ऑगस्ट. शेवटचा सोमवार.
सगळी भरपाई एकदम. आज निर्जळी.
दहा वाजता चहा. चहा म्हणजे पाणी नव्हे.
दुपारी हिने बिनरव्याचे वडे तळले. तेलात फुटले. चमच्याने खाल्ले. बेचव. ही म्हणाली, रव्याचेही थोडे केलेत, देऊ का? शास्त्रात बघावं लागेल म्हणालो. बघेपर्यंत दोन खाल्ले.

२१ ऑगस्ट.
गुंजनला नोकरी लागली.
श्रावण पुन्हा तपासला. एकही उपवास हिशेबात धरता येत नाही.
गल्लीतले लोक येऊन म्हणाले, तुमच्या उपवासाला फळ आलं. मी मान हलवली. गुंजन तिथंच पेढे वाटत होती. माझ्या हातावर पेढा ठेवताना फक्त म्हणाली, "खा बाबा, यात रवा नाही."